मोरीचं पाणी आणि आत्याचा पुदिना : इंदूरच्या एका वाड्याची नोंद

मंडळाच्या बैठकांत मी आजवर वाचलेले निबंध बहुतेक दगड-चुन्याचे होते. छत्र्यांचे पाये, बावड्यांच्या पायऱ्या, जुन्या पुलांच्या कमानी. सिव्हिल इंजिनिअरला दुसरं काय सुचणार? या वेळी विषय वीतभर उंचीच्या एका झाडाचा आहे. तरी काळजी नको, उतार आणि नाली यातही येणार आहे.

रामबागेत माझ्या आत्याचा वाडा होता. 'होता' म्हणायचं कारण, तिथे आता तीन मजली इमारत आहे. वाडा पाडण्याआधी मी टेप घेऊन दोन रविवार त्याची मापं घेतली होती. तेव्हा इतिहासाचा नाद लागलेला नव्हता, नव्या बांधकामासाठी नकाशा हवा होता एवढंच. तो कागद गेल्या वर्षी जुन्या फायलींत सापडला. मागच्या अंगणातल्या मोरीपासून निघालेली एक तिरकी रेघ त्यावर आहे आणि रेघेच्या टोकाशी मीच पेन्सिलीनं लिहिलंय : 'पुदिना (जुना)'.

त्या दोन शब्दांवरून हा निबंध सुरू झाला.

आधी मोरीचं सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुदिन्याचं समजणार नाही. मोरी म्हणजे चार फूट बाय तीन फुटांची दगडी फरशी, तीन बाजूंनी वीतभर कठडा आणि चौथ्या बाजूला पाणी जायला भोक. इथे भांडी घासायची, हातपाय धुवायचे, रोजचं किरकोळ धुणं धुवायचं. भोकातून निघालेलं पाणी रस्त्यावरच्या नालीत जात नसे. (आपण इंदूरकर गटाराला नालीच म्हणतो. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.) ते अंगणातल्या कच्च्या पाटानं पुढे जायचं. पाट साधारण बारा फूट लांब, तळाला खडे टाकलेले. सुरुवातीला, मोरीच्या अगदी तोंडाशी, अळू. त्यानंतर दोन केळी आणि कर्दळ. सगळ्यात शेवटी, पाटाच्या उंचवट्यावर, पुदिन्याचा चार हात लांबीचा वाफा.

लहानपणी मला हा क्रम योगायोग वाटायचा. नकाशा पुन्हा पाहिल्यावर लक्षात आलं की तो विचार करून लावलेला आहे. अळूला पाय पाण्यात लागतात आणि अळू शिजवून खातात, म्हणून ते पहिलं. केळीला पाणी भरपूर चालतं, तिचं खायचं ते जमिनीपासून उंच. पुदिना मात्र कच्चा वाटून चटणीत जातो, शिवाय त्याला ओल हवी असली तरी साचलेलं पाणी चालत नाही. म्हणून तो शेवटी, जिथे पाणी मुरत मुरत, निवळून आणि थोडंसंच पोचतं. आज आपण ज्याला सांडपाण्याचं शुद्धीकरण म्हणतो त्याचं हे परसातलं रूप. ते कुणी कागदावर आखलं नव्हतं.

आता पुदिना. आपल्या घरी लावतात तो बहुतेक मेंथा स्पिकाटा या जातीचा. देठ चौकोनी, पानं समोरासमोर जोडीनं. पेपरमिंट वेगळा, तो दोन जातींचा संकर आणि त्याला धड बी धरत नाही. घरच्या पुदिन्याला फुलं येतात, पण बियांवरून लावलेलं रोप आईसारखंच निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून बियांच्या भानगडीत कुणी पडत नाही. मातीलगत सरपटणाऱ्या फांद्या असतात, त्यांच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. तीन पेरांचा तुकडा तोडायचा, आडवा ठेवायचा, दोन बोटं माती लोटायची. झालं. म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली काडी ही नवी संतती नव्हे, तेच झाड. पन्नास वर्षांनी दहा घरांत दहा वाफे दिसले तरी ते एकाच झाडाचे दहा पाय असू शकतात.

आत्या माघात वाफा मोडायची. जुन्या वाफ्यात मध्यभागी मुळांची जाळी होऊन झाड आतून मरतं आणि कडांनाच हिरवं राहतं. तिथली कडेची फांदी घेऊन ती नव्यानं लावायची. चुलीची राख आणि गोठ्यातलं जुनं शेणखत मातीत मिसळायची. दीड महिन्यानं पहिला खुडा. खुडायची पद्धत ठरलेली : सकाळी ऊन चढायच्या आत, पानांच्या जोडीच्या जरा वरून, नखानं. तिथून दोन फुटवे निघतात. मुळापासून उपटलं की ती ओरडायची. चैत्र-वैशाखात कैरी आली की रोजचा खुडा व्हायचा : कैरी-पुदिन्याची चटणी, जलजिरं, पन्ह्यात चार पानं. फुलोरा धरायच्या आत एकदा सगळा कापून सावलीत वाळवायचा, कारण फुलावर आलेल्या पुदिन्याचं पान जून होतं आणि वासही उतरतो.

माळव्याची काळी माती ही खरी अडचण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती चिखल होऊन पाणी धरून बसते. मुळं सडतात, पानांच्या पाठीवर तांबेरा येतो. म्हणून पहिल्या पावसाआधी आत्या एका फुटक्या मडक्यात रेतीमिश्रित माती भरून चार फांद्या त्यात लावून ओटल्यावर ठेवायची. वाफा गेलाच तर मडक्यातून परत. अलीकडच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप.

घरात सांगितलं जायचं की आमचा पुदिना सुभेदार मल्हाररावांच्या लष्कराबरोबर दक्षिणेतून आला. ओल्या फडक्यात गुंडाळून, बैलगाडीतून. लहानपणी मी हे शाळेत सांगितलं होतं. आता मंडळाचा सभासद म्हणून तपासणं भाग आहे. काडी ओल्या फडक्यात आठवडाभर टिकते, मी करून पाहिलंय, तेव्हा आणणं अशक्य नाही. पण गरज काय होती? पुदिना हा शब्द फारसीतून आलेला. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत भाज्यांच्या भावांच्या यादीत पुदिना आहे, आणि त्याचा भाव पालकापेक्षा चढा आहे. मराठ्यांनी १७३० च्या दशकात इथे पाय रोवले त्याआधी माळवा दीडशेहून जास्त वर्षं मोगलांचा सुभा होता. इथल्या बागांत पुदिना आधीच असण्याचा संभव फार मोठा. बाखळीतल्या आणखी दोन घरांत मी विचारलं तर त्यांचाही पुदिना लष्कराबरोबरच आलेला निघाला. लष्करानं लढाया केव्हा केल्या असतील कोण जाणे! ही कथा मी बाजूला ठेवतो. मोरीजवळची जागा मात्र कथा नाही, ती नकाशावर आहे.

या जागेचा संबंध इंदूरच्या छापील इतिहासाशी दोन ठिकाणी लागतो, आणि दोन्ही ठिकाणी मला आश्चर्य वाटलं.

पहिलं, पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश माणूस मुळात वनस्पतिशास्त्राचा, पुढे नगररचनाकार झाला. होळकर दरबारानं त्याला बोलावलं आणि १९१८ साली त्याचा इंदूरच्या नगररचनेवरचा दोन खंडी अहवाल इथेच छापला गेला. गेडिस म्हटलं की आपल्याला त्यानं काढलेली दिवाळीची स्वच्छतेची मिरवणूक आठवते, त्यावर मंडळात आधी चर्चा झालेलीच आहे. पण अहवालातला सांडपाण्याचा भाग आपण वाचत नाही, कारण तो कंटाळवाणा वाटतो. मला नोकरीमुळे तोच आधी वाचावासा वाटला. त्या काळी युरोपातल्या शहरांत सगळं मोठ्या भुयारी नळांत लोटायची पद्धत रुळली होती. गेडिसनं इंदूरसाठी त्याला विरोध केला. त्याचं म्हणणं असं की इथल्या खेड्यांची जुनी रीत, म्हणजे सगळं मातीला परत द्यायची, हीच शहरानंही धरावी. सांडपाणी बागांना द्यावं, घराघरातून आणि मोहल्ल्यातून बागा वाढवाव्यात. आमच्या आत्याच्या सासूनं तो अहवाल वाचलेला नव्हता, हे खात्रीनं सांगतो. पण गेडिसनं अशी परसं पाहिल्याशिवाय हे सुचवलं असेल असं मला वाटत नाही. हे माझं अनुमान आहे, पुरावा नाही.

दुसरं, अल्बर्ट हॉवर्ड. १९२४ साली इंदूरला वनस्पती संशोधनाची संस्था निघाली, आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. हॉवर्ड १९३१ पर्यंत तिचे संचालक होते. काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि लाकडाची राख थरांनी रचायची, ढीग तीनदा उलटायचा आणि तीन महिन्यांत खत तयार करायचं, ही 'इंदूर पद्धत' जगभर गेली. त्यावरचं १९३१ चं पुस्तक हॉवर्ड यांनी एकट्यानं लिहिलेलं नाही, सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. परदेशी लेखांत वाड गळून पडतात आणि हॉवर्ड उरतात. आपल्या मंडळानं वाडांवर स्वतंत्र काम करायला हवं, हे मी जाता जाता नोंदवून ठेवतो. इथे मुद्दा राखेचा. आत्याकडे भांडी राख आणि चिंचेच्या चोथ्यानं घासली जायची. ती राख पाटातून थोडीथोडी पुदिन्यापर्यंत जायची. राखेत पोटॅश असतं. वाफ्याला वरखत आपोआप मिळत होतं.

मग हा वाफा गेला कसा?

घरात याचं उत्तर ठरलेलं होतं : माझ्यामुळे. १९९४ साली मी एका कंत्राटदाराकडे नोकरीला होतो. बाखळीत घरजोडण्यांचं काम निघालं तेव्हा आत्याच्या मोरीची जोडणी मी स्वतः आखून दिली. सहा इंची चिनी मातीचा नळ, साठात एक उतार, कोपऱ्यावर चेंबर. कच्चा पाट बुजवला, वर फरशी घातली. काम उत्तम झालं होतं, डास कमी झाले, वास गेला. पण पुदिन्याचा वाफा फरशीखाली गेला. आत्या तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "याच्या पाइपानं माझा पुदिना खाल्ला." ती हसून म्हणायची, पण म्हणायची. मलाही ते खरंच वाटत होतं.

नकाशावरच्या 'पुदिना (जुना)' या शब्दांनी मला अडवलं. तो नकाशा नव्या बांधकामासाठी काढलेला, म्हणजे १९९४ नंतरचा. पण 'जुना' का लिहिलं? 'होता' किंवा 'बुजवलेला' लिहिलं असतं. जुना म्हणजे पाट बुजवायच्या आधीच तो जुना झाला होता का? स्वतःच्याच हस्ताक्षराचा अर्थ लागेना, म्हणून मी आत्याच्या खर्चाच्या वह्या मागितल्या. तिनं १९५८ पासून रोजचा हिशेब लिहिलाय. मधली चार वर्षं वाळवीनं खाल्ली, बाकी शाबूत आहेत. दशमान नाणी आली तरी तिनं शेवटपर्यंत चार आणे, आठ आणेच लिहिलं.

मी वह्यांत पुदिना शोधला नाही, पुदिना नसणं शोधलं. पन्नास आणि साठच्या दशकांतल्या उन्हाळ्यांत रोजच्या भाजीत कोथिंबीर आहे, मिरच्या, आलं, कैरी आहे. पुदिना कधीच नाही. घरचा होता, विकत घ्यायचं कारण नव्हतं. पहिल्यांदा 'पुदिना जुडी' ही नोंद सापडली १९८१ च्या वैशाखात, एका आठवड्यात तीनदा. माझ्या नळाच्या तेरा वर्षं आधी! खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. लगेच आत्याकडे गेलो. ती शहाऐंशी वर्षांची, पलंगावर बसून शेंगा सोलत होती.

"आत्या, पुदिना तर तू एक्याऐंशीतच विकत घेत होतीस. मग माझ्या पाइपाचा काय दोष?"

तिनं वही हातात घेतली, तारीख बघितली. "अरे, त्या वैशाखात मंदाचं लग्न नव्हतं का घरात? दीडशे माणसं जेवायला. वाफ्यावरचा पुदिना पुरणार होता का?"

मी गप्प. एकट्या नोंदीवर निष्कर्ष काढू नये, हे मी मंडळात नव्या सभासदांना सांगत असतो.

परत वह्या घेऊन बसलो. १९८२, नाही. १९८३, नाही. १९८४ च्या उन्हाळ्यात दोनदा, आणि त्या वर्षी घरात काही कार्य नव्हतं. १९८५ पासून दर उन्हाळ्यात, दरवर्षी जास्त. १९९३ मध्ये तर चैत्रापासून दर आठवड्याला. म्हणजे वाफा बुजवला गेला तेव्हा तो आधीच दहा वर्षं खंगत होता. 'जुना' मी बरोबरच लिहिलं होतं.

खंगण्याची कारणं त्याच वह्यांत आहेत, फक्त वेगळ्या पानांवर. १९७९ मध्ये 'अंगणात नळ, जोडणी व मजुरी'. आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, जलूदहून नर्मदेचं पाणी विंध्य चढून सुमारे ७० किलोमीटरवर इंदूरला पोचलं होतं. त्यासाठी शहरानं आंदोलन केलं होतं, आत्याचे यजमानही त्यात होते. त्याआधी वाड्यात विहिरीचं पाणी, रहाटानं ओढलेलं. बादली ओढून आणलेलं पाणी माणूस बेतानं वापरतो. नळ आल्यावर मोरीतून किती पाणी वाहू लागलं याचा आकडा माझ्याकडे नाही, पण आत्याच म्हणाली, "मग अळू फार माजलं, केळीही." अळू माजलं म्हणजे पाटाच्या शेवटापर्यंत पाणी पोचू लागलं. जो उंचवटा पुदिन्याला कोरडा ठेवत होता तोच आता दलदलीचा काठ झाला.

दुसरी नोंद : 'धुण्याची पावडर', १९७६ मध्ये अधूनमधून, १९८० पासून दर महिन्याला. त्याच सुमारास गॅस आला आणि चुलीची राख संपली. भांड्यांनाही पावडर लागली. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, म्हणजे सोडियम. काळ्या मातीला सोडियम फार वाईट. तिचे कण एकमेकांना धरून बारीक ढेकळं करतात, त्यातून पाणी मुरतं. सोडियम वाढलं की हे कण सुटे होतात, माती लापशीसारखी बसते आणि वाळली की वर पापडी धरते. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. बांधकामासाठी माती तपासताना हे आम्ही रोज पाहतो, परसात मात्र मी ते पाहिलं नव्हतं. धुण्याचा सोडा आधीही घरात होता, पण मोठं धुणं धोब्याकडे किंवा घाटावर जायचं. मोरीत यायचं ते थोडं. आता सगळंच मोरीत आलं.

पाणी वाढलं आणि पाण्यात सोडा वाढला, दोन्ही पाचेक वर्षांच्या आत. यातलं कोणतं जास्त, हे वह्यांवरून वेगळं काढता येत नाही. गेडिस ज्या सांडपाण्याला बागेकडे पाठवा म्हणत होता, ते १९१८ चं सांडपाणी होतं, राखेचं आणि रिठ्याचं. कुणी आज उत्साहानं मोरीचा नळ तोडून कुंड्यांकडे वळवणार असेल तर आधी घरातली पावडर कोणती ते बघावं. आणि कच्च्या खायच्या पानांना ते पाणी देऊच नये, असं माझं इंजिनिअर म्हणून स्पष्ट मत आहे. आत्यानंही पुदिना शेवटीच ठेवला होता.

हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "वही खरी. पण पाइपही खराच ना रे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खंगलेला वाफा माघात मोडून, माती बदलून परत लावता आला असता. फरशीखालचा लावता आला नाही.

राहिला प्रश्न मडक्याचा. १९९३ च्या पावसाळ्यात ओटल्यावर मडकं होतं हे आत्याला नक्की आठवतं, त्यानंतरचं नाही. त्याआधीच्या वर्षांत तिनं बाखळीतल्या चार-पाच घरांना काड्या दिल्या होत्या. त्यांपैकी दोन घरं पडली, एका घराचे लोक सुदामा नगरला गेले. तिथे मी गेलो. गच्चीवर प्लास्टिकच्या टबात पुदिना होता, चांगला दाट. त्यांनी आनंदानं काडी दिली, मात्र ती आत्याकडचीच की नंतर मंडईतल्या जुडीची लावलेली, हे त्यांना सांगता येईना. आत्याला नेऊन दिली. तिनं पान चुरगाळलं, वास घेतला, पुन्हा घेतला.

"आपल्यासारखा आहे," म्हणाली. "आपला आहे की नाही, देव जाणे."

ती काडी सध्या माझ्या गच्चीवर कुंडीत आहे, दोन भाग माती, एक भाग रेती, थोडं शेणखत. पाणी नर्मदेचंच, नळाखालून थेट. रामबाग, नारायण बाग किंवा जुन्या इंदुरातल्या ज्या सभासदांकडे १९९० पूर्वीचा, हातोहात आलेला पुदिना अजून असेल, त्यांनी तो कुणाकडून आणि साधारण कोणत्या वर्षी आला एवढं लिहून मंडळाकडे द्यावं. आणि वाड्याचा जुना नकाशा असेल तर मोरीचं तोंड कोणत्या दिशेला होतं, तेही.